गुलाबमावशीचा रकाना

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि आईला तर नाहीच. ऑफिसात माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगितली जाते. नवीन आलेल्या पोरींना तर आवर्जून सांगतात — भोईर मॅडमनी बघा त्या गुलाबबाईसाठी काय केलं! ती गोष्ट खोटी नाही. अर्धी खरी आहे. आणि पूर्ण खोटी असती तर मला इतका त्रास झाला नसता, असं आता वाटतं.

बघा, सरळ सांगायला बसले आणि पहिल्याच फटक्यात आडवळणाला लागले. आधी घरचं सांगते. त्याशिवाय मी काय केलं, ते कळायचं नाही.

आम्ही दिव्याला राहायचो, भाड्याच्या एका खोलीत. मूळचे खाडीकाठचे कोळी. बाबा रेतीच्या होडीवर डुबीला जायचे — म्हणजे बालदी घेऊन खाडीत बुडी मारायची, तळाची रेती भरायची आणि वर यायचं. दिवसभर तेच. एके दिवशी त्यांच्या कानातून रक्त आलं आणि ते काम सुटलं ते सुटलंच. मग आईने टोपला उचलला. सुकट, जवळा, बोंबील, पैसे असतील तेव्हा थोडे सोडे. ती बसायची एका कोर्टाच्या कंपाउंडला टेकून. कुठलं कोर्ट ते सांगत नाही; कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातलं आहे एवढं पुरे. तारखेला आलेली माणसं जाताना चार पैशांचा जवळा घेऊन जायची. निकाल विरोधात गेला तरी रात्रीचं कालवण करावंच लागतं ना.

दोन गोष्टींची आम्हाला कायम धास्ती असायची. एक पाणी — दिव्याच्या नळाला कधी यायचं, कधी नाही. दुसरी, महापालिकेची गाडी. गाडी आली की टोपला जायचा, आणि टोपला गेला की आठवड्याची चूल जायची.

ह्या दोन्हींतून आम्हाला वाचवलं ते गुलाबमावशीने.

गुलाबमावशी त्या कोर्टात झाडायची. जुन्नरकडची बाई, लग्न होऊन विठ्ठलवाडीला आलेली, नवरा लवकर गेला, एकच मुलगी. कोर्टात ती अंशकालीन सफाईगार होती. कोर्ट भरायच्या आधी झाडून-पुसून घ्यायचं, कोर्ट उठल्यावर पुन्हा एकदा. कागदावर चार तासांचं काम. प्रत्यक्षात किती, ते कुणी मोजत नव्हतं. मधल्या वेळात पाच घरची भांडी. ती लागली तेव्हा मी सात वर्षांची होते. गाडी येतेय असं कळलं की ती आईचा टोपला उचलून आत न्यायची. कोर्टाच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून द्यायची. ‘सरकारचं पाणी हाय, सरकारच्याच लेकरांनी पिलं,’ म्हणायची.

आणि मला आत बसू द्यायची. पाच-साडेपाचला साहेब उठले, वकील गेले की कोर्टहॉल रिकामा व्हायचा. तिचं झाडणं होईपर्यंत पंखा चालू, ट्यूबलाइट चालू. मी बाकावर बसून अभ्यास करायचे. दहावी, बारावी, पुढे बी.कॉम.ची तीन वर्षं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. पदवी घेतलेली पहिली. ह्याचा मला गर्व आहे, आजही आहे, तो लपवायचं मला कारण दिसत नाही. पण ती पदवी ज्या पंख्याखाली झाली तो पंखा चालू ठेवायला कोण झाडू मुद्दाम हळू मारत होतं, हेही मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर म्हणते, की मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

पुढे कोर्टाच्या लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेला बसले, मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग सुटलं, मुलाखत झाली. नेमणूक आली ती नेमकी त्याच कोर्टात. आईने टोपल्यासकट रडून घेतलं. गुलाबमावशीने पहिल्या दिवशी माझं टेबल तीनदा पुसलं.

आणि मी? मी आठवड्याभरात तिला ‘बाई’ म्हणायला लागले. ‘गुलाबबाई, इथे पाणी सांडलंय.’ तिनेही कळून घेतलं असावं. ती मला ‘पोरी’ म्हणायची ते ‘ताई’ म्हणायला लागली. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. पण टोकलंही नाही.

आता त्या दुपारची गोष्ट. साधीच आहे. इतकी साधी, की पुढचं सगळं ह्यावरून झालं म्हटलं तर लाज वाटते. चहाची वेळ होती. वरिष्ठ लिपिक देसाई मॅडम, दोन तरुण वकील आणि मी. गुलाबबाई कपबश्या न्यायला आली. देसाई मॅडम सहज म्हणाल्या, “काय गं गुलाब, आमच्या ह्या नव्या मॅडमला तू आधीपासून ओळखतेस म्हणे?”

तिचा चेहरा असा फुलला! “वळखती? आवो, हिच्या आयचा सुकटीचा टोपला म्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यामागं लपवला हुता. येकदा सायेब बसलं खुर्चीवर, नाकाला रुमाल लावला आन म्हनलं, ‘हा बोंबील कुठल्या केसमध्ये साक्षीदार आहे?’”

काय हसले सगळे. एक वकील तर टेबलाला धरून हसला. तीही हसली, कपबश्या हातात घेऊन, कौतुकाने माझ्याकडे बघत. मीही हसले. काय करणार? पण माझे कान इतके तापले होते की मला बाबांचे कान आठवले.

त्यानंतर मी डबा उघडला की देसाई मॅडम गंमत म्हणून पदर नाकाला लावायच्या. पंधरा दिवस मी ‘सुकट मॅडम’ होते. पुढे ते विरलं. कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. माझ्या राहिलं.

एक शब्द आधी सांगायला हवा. सरकारी ऑफिसात काम न केलेल्या माणसाला तो कदाचित माहीत नसेल. निरंक. वरून परिपत्रक येतं — तुमच्याकडे अमुक प्रकारचे किती कर्मचारी आहेत, माहिती कळवा. नसतील तर रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा सोडला तर माहिती द्यायची राहिली असा अर्थ होतो. म्हणून त्यात लिहायचं ‘निरंक’. म्हणजे आम्ही पाहिलं, शोधलं, आणि काही नाही. आमच्यात त्याची थट्टाही चालायची. ‘डब्यात भाजी काय?’ ‘निरंक.’ ‘नवऱ्याचा पगार?’ ‘दहा तारखेनंतर निरंक.’ मला तो शब्द फार आवडायचा. काय भारी, नीटनेटका शब्द! घरी जाऊन आईला शिकवला तर ती म्हणाली, “नाय हाय म्हनून सांगायला येवरा मोठा शब्द कशाला गो?”

मी लागले त्याच्या पुढच्या वर्षी दोन परिपत्रकं एकाच डाकेने आली. एक न्यायदंडाधिकारी साहेबांच्या भत्त्यांचं. वर्तमानपत्र आणि मासिकांचा भत्ता, कोट-गाऊनचा भत्ता, असलं सुधारून आलेलं. न्यायाधीशांचं वेतन आमच्याहून वेगळ्या आयोगाने ठरतं, त्यांचे भत्तेही वेगळे. प्रत्येक साहेबांकडून माहिती घ्यायची, जुन्या आदेशाशी ताडायची, तक्ता करायचा. ते काम माझ्याकडे होतं. मी ते दोन दिवस खपून केलं. कुठला पेपर घरी येतो, कुठला ऑफिसात, हे मी शिरस्तेदारासारखं विचारत फिरले. अधीक्षक म्हणाले, “वा, भोईर मॅडम, तक्ता छापल्यासारखा झालाय.”

दुसरं परिपत्रक दीड पानाचं. न्यायालयात अंशकालीन म्हणून सफाई करणाऱ्या, दहा वर्षांहून जास्त सलग सेवा झालेल्या व्यक्तींची नावं मागवलेली. त्यांना पूर्णवेळ वेतनश्रेणीत घ्यायचा विचार होता. पूर्णवेळ म्हणजे महिन्याचा नियमित पगार, महागाई भत्ता, गणवेशाच्या दोन साड्या, पावसाळ्यात छत्री, धुलाई भत्ता. म्हणजे माणसात येणं.

गुलाबबाईची तेव्हा अठरा वर्षं भरली होती.

तिचं मानधन सादिलमधून निघायचं. सादिल म्हणजे किरकोळ खर्च — झाडू, फिनेल, शाई, सुतळी ज्या खर्चातून येतात, तो. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. त्यामुळे कुणी विचारलं असतं तर मला म्हणता आलं असतं, की सादिलमधली व्यक्ती कर्मचारी ठरत नाही असा माझा समज झाला. मी हे वाक्य मनात तयारही ठेवलं होतं. पण परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, ‘सादिलमधून मानधन घेणाऱ्यांसह’. मी ते वाचलं होतं. त्याखाली पेन्सिलने रेघही मारली होती. नंतर ती रेघ मी खोडरबरने पुसली.

हे आज पहिल्यांदा सांगतेय. रेघ पुसल्याचं.

अठरा वर्षांच्या सेवेचा पुरावा म्हणजे दर महिन्याच्या मानधनाच्या पावत्या. त्या अभिलेखकक्षात बांधून ठेवलेल्या होत्या. शोधायला दोन दिवस लागले असते. पण आळसाने केलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. दोन दिवस मी साहेबांच्या पेपरांना दिलेच होते.

मग कशाने केलं? ती एकदा हसली म्हणून? ती पूर्णवेळ झाली की रोज दिवसभर इथे असणार, रोज कुणाला तरी तो टोपला सांगणार — हे माझ्या मनात आलं का? आलं. नक्की आलं. ती माझ्याबरोबर एकाच हजेरीपटावर सही करणार, हे आलं का? तेही आलं. मी इतकी शिकून कुठे पोचले, तर जिच्या झाडूच्या आवाजात अभ्यास केला तिच्याच रांगेत — असलं काहीतरी. नीट शब्दांत नव्हतं. शब्दांत असतं तर मलाच माझी किळस आली असती. ते अंगातल्या कणकणीसारखं होतं. त्या कणकणीत मी रकाना क्रमांक चारमध्ये सुंदर अक्षरात लिहिलं — निरंक.

अधीक्षकांनी सही केली. वाचलं नाही. निरंक कोण वाचतं? गुरुवारच्या डाकेने कागद ठाण्याला गेला. वरच्या ऑफिसाने पुढच्या ऑफिसाला पाठवला असेल. त्यांची काय चूक? मी कळवलं होतं की पाहिलं, शोधलं, आणि अशी कुणी नाही.

इथपर्यंत झालं असतं तर, खरंच सांगते, मी कदाचित विसरलेही असते. पण पुढच्या सोमवारी ती आली. लादी ओली होती, तिच्या हातात पोछा. माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “ताई, यादी गेली म्हनं ठान्याला. माजं नाव हाय नव्हं?”

आणि मी म्हणाले, “हो. गेलंय.”

दोन शब्द. ‘निरंक’ लिहिताना निदान ती समोर नव्हती.

“किती दिस लागत्यात?”

“वर्ष तरी लागेल.”

“मंग काय! वरीस आसं जातंय,” म्हणून तिने चुटकी वाजवली. ओल्या हाताने वाजवलेली चुटकी. आवाज आलाच नाही. ती स्वतःशीच हसली आणि विचारलं, “छत्रीबी देत्यात म्हनं, खरं व्हय?”

मी म्हटलं, हो.

दुरुस्त करता आलं असतं का? आलं असतं. शुद्धिपत्र नावाची चीज असते. अर्ध्या पानाची. ‘यापूर्वी कळविलेल्या माहितीत अनवधानाने’ असं सुरू करायचं की झालं. रोज कुठलं ना कुठलं ऑफिस पाठवतं. मी एक टाइप करून प्रिंटही काढली. ‘अनवधानाने’ ह्या शब्दापाशी थांबले. अधीक्षक विचारतील, का राहिलं? देसाई मॅडम विचारतील, अगं तुझीच ना ती मावशी? नोकरी पक्की व्हायची होती. कागद फाडून टाकला. इतके बारीक तुकडे केले की तेच तुकडे तिने संध्याकाळी झाडले.

पाच घरांपैकी दोन घरांची भांडी तिने त्या आठवड्यात सोडली. वर्षभराचाच प्रश्न आहे म्हणून. ते मला सहा महिन्यांनी कळलं. तोवर त्या घरांनी दुसरी बाई ठेवलेली. मग तिला मिळाली ती घरं कोपरला. सकाळी कोर्ट, मग कोपर, मग विठ्ठलवाडीची तीन, मग पुन्हा कोर्ट. तिच्या पायांना बारा महिने चिखल्या असायच्या. ती बोटांमध्ये हळद भरायची.

वर्ष झालं. दीड झालं. शेजारच्या तालुक्यातल्या कोर्टात झाडणाऱ्या शांताची ऑर्डर निघाली. ते तिला कळणारच. ती आली. तक्रार करायला नव्हती आली, हे मला जास्त लागलं. ती समजून घ्यायला आली होती. “शांताची झाली की गं. माज्या मागून लागलेली ती. माजं कागदात काय उनं राहिलं का? तू शिकलेली, तूच सांग.” चुकून ‘ताई’ म्हणायची विसरली होती.

मी सांगितलं, की शांताचं कोर्ट वेगळं, तिथली पदं वेगळी. वर अडकलंय. वरचे लोक लक्ष देत नाहीत.

वरचे लोक! केवढी सोय आहे ह्या शब्दात. ती मान हलवून गेली. आणि त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी, माझ्या टेबलाखाली पुसताना, वर न बघता विचारायची, “वरनं काय आलं का?” आणि मी, वर न बघता, “अजून नाही.” असं करत आठ वर्षं झाली. मधल्या काळात आम्हाला नवा वेतन आयोग लागला. विकल्प भरून देताना ऑफिसात किती वाद, किती बेरजा. पेढे वाटले. साहेबांचा आयोग त्यांना लागला. मी वरिष्ठ लिपिक झाले, लग्न झालं, डोंबिवलीत घर घेतलं, नळाला चोवीस तास पाणी. आईचा टोपला मी बंद करवला. गुलाबबाईच्या सादिलच्या पावतीवरचा आकडा मधे एकदा वाढला, तोही इतका की ती म्हणाली, “वाढल्याचं मला कळंना, पैसं देनाऱ्या कारकुनानं सांगितलं म्हून कळलं.”

मला तेव्हा झोप लागायची का? लागायची. उगाच खोटं कशाला लिहू. पण बसवत नसे. ती लादी पुसत माझ्या टेबलाकडे यायला लागली की मी उठायचे. फाईल घेऊन उगाच दुसऱ्या मजल्यावर जाऊन यायचे. देसाई मॅडम म्हणायच्या, “हिच्या पायाला भिंगरी आहे.” निवृत्त होईपर्यंत म्हणायच्या.

मग एक नवे न्यायदंडाधिकारी आले. तरुण, फार न बोलणारे, वेळेआधी येणारे. लवकर येत असल्यामुळे त्यांनी ते पाहिलं, जे दहानंतर येणाऱ्यांना कधी दिसलं नव्हतं — गुलाबबाई पायांना दुधाच्या पिशव्या बांधून जिना धूत होती. त्यांनी मला चेंबरमध्ये बोलावलं.

“ह्या बाई किती वर्षं आहेत?”

“सव्वीस, साहेब.”

“आणि अजून अंशकालीन? प्रस्ताव पाठवला नाही कधी?”

“पाठवलेला, साहेब. वरून उत्तर नाही.”

“प्रत दाखवा.”

बस. ‘प्रत दाखवा.’ आठ वर्षांत हे कुणी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं, फाईल जुनी आहे, शोधावी लागेल. त्यापेक्षा नवीन प्रस्तावच करते, तो लवकर होईल. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं का? मला अजून कळत नाही. म्हणाले, “करा. ह्याच आठवड्यात.”

लोक जी गोष्ट सांगतात ती इथून सुरू होते. भोईर मॅडम दोन दिवस धुळीत बसल्या, सव्वीस वर्षांच्या पावत्या शोधल्या, एकही महिना सुटू दिला नाही. खरं आहे. पण ते पश्चात्तापाने केलं नव्हतं. पकडली जाईन ह्या भीतीने केलं होतं. पहिला कागद कुणी उघडायच्या आत दुसरा पुढे सरकवायचा होता.

त्या पावत्या मी एकेक करून पाहिल्या. सुरुवातीची सगळी वर्षं अंगठा. जांभळ्या शाईचा, थोडा डावीकडे कललेला. आणि मग एका महिन्यापासून सही. ‘गुलाब’ — ‘ला’चा काना सुटा, ‘ब’चं पोट मोठं. ती सही तिला मी शिकवली होती. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना, त्याच कोर्टहॉलमध्ये, वहीच्या मागच्या पानावर. अठरा वर्षांचा पुरावा मागितला होता तेव्हा ह्या पावत्या इथेच होत्या. मी तेव्हा हा दरवाजासुद्धा उघडला नव्हता.

प्रस्ताव गेला. साहेबांनी स्वतः दोनदा फोन केले. ऑर्डर आली तेव्हा गुलाबबाई अठ्ठावन्न वर्षांची होती. निवृत्ती साठला.

तिने पेढे वाटले. पहिला मला भरवला, सगळ्यांसमोर, हाताला फिनेलचा वास. निळ्या साड्या मिळाल्या त्या दिवशी ती नेसून आली आणि चालताना सारखी निऱ्यांकडे बघत होती. हजेरीपटावर सही करताना तिने मला शेजारी उभं केलं. “नीट आली का बघ.” नीट आली होती.

दोन वर्षांनी तिचा निरोप समारंभ झाला. कोर्टात सफाईगाराचा निरोप समारंभ कुणी करत नाही, आम्ही केला. शाल-श्रीफळ माझ्या हस्ते ठेवलं होतं. तिला बोला म्हटलं तर ती माइकपासून हातभर लांब उभी राहिली. म्हणाली, “वरच्यांनी आट वरसं माजा कागद दाबून ठिवला. पर ह्या पोरीनं सोडला न्हाई. हिच्या आयला म्या येक टोपला लपवून दिला, तर हिनं माजं आख्खं म्हातारपन उचललं.”

टाळ्या वाजल्या. आता ‘टोपला’ ऐकून कुणी हसलं नाही, उलट दोघी-तिघींनी डोळे पुसले. माझ्या हातात शाल होती. माइक समोर होता. मला बोलायला सांगितलं होतं. मी काय बोलले? मी म्हणाले, “मी फक्त माझं काम केलं.” लोकांना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या.

त्याला आता दोन वर्षं झाली. मी सहायक अधीक्षक आहे. परिपत्रकं आता माझ्या सहीने जातात. कुठल्याही तक्त्यात निरंक दिसलं की मी सही करत नाही. पोरींना पुन्हा पाहायला पाठवते, त्या कुरकुरतात. काही जणी त्याचंही कौतुक करतात. चांगुलपणाचा हा नवा हप्ता आहे, तोही मीच खातेय.

परवा आई म्हणाली, “गुलाबचा तू भला केलंस गो बाय, तुझी पुन्याई मोठी.” मी उठून गॅलरीत गेले. आत आले. पुन्हा गेले. नवऱ्याने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

आईला हे वाचता येत नाही. गुलाबमावशीला सहीपुरतं येतं.

तिची सेवा एकूण एकोणतीस वर्षं झाली. पूर्णवेळ वेतनश्रेणी मिळाली ती शेवटची दोन वर्षं. त्याच्या आधीची आठ वर्षंही मिळाली असती, ती मी जाऊ दिली. त्या दोन वर्षांत साठलं ते मुलीच्या आजारपणात संपलं. आज ती बासष्ट वर्षांची आहे आणि विठ्ठलवाडीत तीन घरची भांडी घासते.